चर्चच्या पार्किंगमधल्या मंडळींना

सप्रेम नमस्कार,

मी तुमच्या चर्चची नाही, ख्रिस्तीही नाही. घरी गणपती बसवणारी, पुण्याहून अमेरिकेत डेन्व्हरला आलेली बाई. त्या शनिवारी लोकांच्या नको असलेल्या बंदुका कापून देताना तुम्ही कुणाचं नाव विचारलं नाहीत, स्वतःचंही सांगितलं नाहीत. म्हणून हे पत्र असं जाहीर.

सासरे गेले (नवरा इथलाच) आणि त्यांचं पिस्तूल आमच्या कपाटात आलं. लेक सहा वर्षांची. तिला कुणाकडे खेळायला पाठवण्याआधी ‘तुमच्याकडे बंदूक आहे का, कुलपात असते का’ हे विचारायला मी इथे शिकले होते. आता तो प्रश्न आमच्याच दारात. या देशात २०२० पासून १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे. मोटार अपघातही तिच्या मागे. दुकानात विकावं, तर उद्या दुसऱ्या कुणाच्या कपाटात. ‘नष्ट करतो’ म्हणून घेतलेल्या बंदुकांचा एखादाच भाग मोडून उरलेले सुटे भाग विकणाऱ्या कंपन्याही २०२३ मध्ये उघडकीला आल्या.

तुमच्याकडे मला गाडीतून उतरावंही लागलं नाही. डिकी उघडली. पांढऱ्या केसांच्या एका काकांनी पिस्तूल रिकामं असल्याचं दोनदा पाहिलं आणि माझ्या डोळ्यांदेखत कटर मशीनखाली धरलं. ठिणग्या उडाल्या, जळक्या लोखंडाचा वास थेट गाडीत. तुकडे होईपर्यंत मालकी माझीच, त्यामुळे हस्तांतराची भानगड नाही, हेही त्यांनीच समजावलं. वर किराण्याचं गिफ्ट कार्ड! त्याचा मात्र अजून संकोच वाटतो.

असं लोखंड कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या, बंदुकांपासून बागकामाची अवजारं घडवणाऱ्या ‘रॉटूल्स’ या संस्थेच्या भट्टीत जातं. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक शाळेतल्या गोळीबारात २० मुलं मारली गेली, त्यानंतर माइक मार्टिन या मेनोनाइट (शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या) पाळकांनी ती संस्था सुरू केली. तलवारींचे नांगराचे फाळ करण्याबद्दल बायबलमधला यशया संदेष्टा जे सांगतो, ते त्यांनी शब्दशः घेतलं. आमच्याकडे खंडेनवमीला शस्त्र आणि अवजारं एकाच पाटावर पूजतात. मला त्यात परकं काही वाटलं नाही.

प्रार्थनेला माझा आक्षेप नाही. पण प्रत्येक गोळीबारानंतर पुढाऱ्यांच्या तोंडून ती ऐकून कान किटले आहेत. तुम्ही हातमोजे चढवता. फार बरं वाटलं.

शेजारच्या आजींकडे त्यांच्या यजमानांच्या दोन रायफली पडून आहेत. नातवंडं सुट्टीत येतात. पुढची तारीख ठरली की कळवा. त्यांना गाडी चालवता येत नाही, मी घेऊन येईन.

तुमची,
एक आई, डेन्व्हर