गाळ बसतो का, हे कोण पाहते?

मा. संपादक यांस,

सांडपाणी प्रक्रिया केंद्रांविषयी आपल्याकडे होणारी चर्चा बहुधा क्षमता किती दशलक्ष लिटर आणि खर्च किती कोटी, एवढ्यावरच थांबते. तापी, गिरणा किंवा पांझरेत सोडले जाणारे पाणी निवळ असेल की गढूळ, हे मात्र घाण खाणाऱ्या जिवाणूंचा गाळ क्लॅरिफायरच्या, म्हणजे पाणी निवळवणाऱ्या टाकीच्या, तळाशी बसतो की नाही, यावर ठरते.

एका केंद्राच्या प्रयोगशाळेत मी काही वर्षे काम केले. एअरेशन टाकीतले, म्हणजे जिवाणूंसाठी हवा सोडतात त्या टाकीतले, पाणी एक लिटरच्या मोजपात्रात भरून अर्धा तास न हलवता ठेवायचे, एवढीच गाळाची चाचणी. गाळ निरोगी असेल तर काही मिनिटांतच तपकिरी पुंजके एकमेकांना धरून खाली सरकतात. अर्ध्या तासाने गाळ २५० मिलिलिटरवर असला आणि त्याचे कोरडे वजन लिटरमागे २.५ ग्रॅम भरले, तर एक ग्रॅम १०० मिलिलिटर जागा व्यापतो, हे चांगले लक्षण. तो आकडा २०० च्या पुढे गेला की बहुतेक वेळा तंतुमय जिवाणू माजलेले असतात. त्यांच्या तंतूंमुळे पुंजके जवळ येत नाहीत आणि गाळ पिंजलेल्या कापसासारखा फुगून राहतो.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, जिवाणूंची गरज मात्र वाढते, आणि त्यातच वीज गेली किंवा बचतीसाठी हवा सोडणारा ब्लोअर बंद ठेवला की या तंतूंना रान मोकळे मिळते.

दुसरा दोष निराळा. नीट बसलेला गाळ तास-दोन तासांनी ढेकळांसारखा वर येतो, कारण क्लॅरिफायरमध्ये तो पडून राहिला की नायट्रेटपासून नायट्रोजनचे बुडबुडे बनून त्याला उचलतात. काठीने ढवळल्यावर तो पुन्हा खाली गेला, तर निदान पक्के समजावे. पहिल्या दोषात बहुधा हवा वाढवावी लागते, दुसऱ्यात गाळ लवकर एअरेशन टाकीत परत पंप करावा लागतो. आमच्याकडे दोन्ही वेळी टँकर बोलावून गाळ उपसला जाई. एकदा मी रजेवरून परतलो, तर रजिस्टरमधले सगळे आकडे एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेले होते.

म्हणून विनंती अशी की, प्रत्येक नगरपालिकेने एक ग्रॅम गाळ किती मिलिलिटर जागा व्यापतो, हा रोजचा आकडा केंद्राच्या फाटकावर फळ्यावर लिहावा आणि नागरिकाने मागितल्यास ते मोजपात्रही दाखवावे.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक, जळगाव