चाचा, त्या दोन वाट्यांसाठी

चाचा, सलाम.

तुमचं शिक्षण उर्दू शाळेत झालेलं. मराठी तुम्ही माझ्याइतकीच बोलता, पण वाचायला वेळ लागतो, हे मला माहीत आहे. तुमची नात हे पत्र तुम्हाला वाचून दाखवील. तिला सांगा, सावकाश वाच. समोर उभं राहून आभार मानायला लागलं की तुम्ही "चाय पीती क्या बेटा?" म्हणून विषय बदलता, आणि चहा संपेपर्यंत माझे शब्द निघून जातात. म्हणून हे लिहून काढलं. चारचौघांनी वाचावं म्हणून उघडच लिहिलं.

आमची सायकल तुमच्या दुकानात आली ती दोन पोत्यांत भरून. एका पोत्यात चाकं आणि मडगार्ड, दुसऱ्यात बाकीचा पसारा, आणि फ्रेम माझ्या खांद्यावर. तुम्ही पंक्चरची परात बाजूला सरकवली आणि पहिला प्रश्न विचारलात, "ये किसने खोली?" मी गप्प राहिले. आज सांगते.

गावाकडचं माळवदाचं घर उतरवायचं ठरलं, तेव्हा कडब्याच्या खोलीत तुळईला टांगलेली ही सायकल खाली आली. माझ्या आबांची, म्हणजे आजोबांची रॅले. 1956 च्या आधी, परभणी हैदराबाद राज्यात होतं तेव्हा, आबांनी ती हैदराबादहून आणली. परभणीपर्यंत मीटरगेजच्या गाडीतून, आणि तिथून गावापर्यंत हातात धरून, पायी. त्यांना चालवता येत नव्हती. मग खळ्यावर, रात्री, कुणी बघत नसताना ते शिकले. बाहत्तरच्या दुष्काळात घरची बैलजोडी विकावी लागली, सायकल मात्र राहिली, कारण खडी फोडायच्या कामावर आबा तिच्यावरूनच जायचे. एवढा इतिहास घरात सगळ्यांना तोंडपाठ होता. सायकल तेवढी तीसेक वर्षं तुळईला लटकत होती.

मी ती आधी शहरातल्या एका दुकानात टाकली. त्यांनी सगळी खोलली आणि म्हणाले, पायडलच्या मधल्या एक्सलच्या, छर्रे धरणाऱ्या वाट्या खराब झाल्यात, नव्या टाकू, थोडं ठोकावं लागेल. ठोकलंच. नवी वाटी अर्ध्या फेऱ्यात तिरकी घुसली, तोंडाजवळचे आटे मेले, आणि आठ दिवसांनी निरोप आला की ताई, ही भंगारात द्या, त्या पैशात नवीन येते. जुन्या वाट्या तोवर त्यांच्याकडून हरवल्या होत्या. मी दोन पोती घेऊन घरी आले आणि त्या रात्री जेवले नाही. दादांना, माझ्या वडिलांना, तर सांगितलंच नाही.

म्हणून तुम्ही विचारलंत तेव्हा मी गप्प होते, चाचा.

तुम्ही मात्र फ्रेम उलटी केली, एक्सलच्या नळीत बोट घातलं, आणि करंगळीचं नख आट्यांवरून असं फिरवलं, जसं आई भांड्याची कड बघते. चष्मा वर सरकवून म्हणालात, "आटे बारीक हैं इसके. नॉटिंगहॅमवाली है. बाजार की वाटी नक्को इसको." बगळ्याचं चित्र असलेला तो पितळी बिल्ला मी तोपर्यंत नीट वाचलाही नव्हता. मग तुम्ही समजावलंत ते मी अजून प्रत्येकाला सांगते. बाजारात मिळणाऱ्या वाटीला इंचाला 24 आटे असतात, आणि इंग्लंडच्या रॅले कारखान्यानं स्वतःचे वेगळे, इंचाला 26 आटे ठेवले होते. व्यास जवळजवळ तोच, त्यामुळे वाटी बसेल असंच वाटतं. एक फेरा बसतेही. पुढं माणूस जोर लावतो आणि तिथं घात होतो.

तुम्ही आत गेलात आणि डालडाचा गंजका डबा घेऊन आलात. उर्दू पेपरात गुंडाळलेल्या दोन वाट्या काढल्यात, रॉकेलमध्ये ब्रश बुडवून घासल्यात. मेलेल्या आट्यांवरून एक बारीक तिकोनी कानस अर्धा तास चालवलीत. आणि मग ती वाटी पान्हा न लावता, दोन बोटांनी, फिरत फिरत आत गेली. उजवी वाटी उलट्या आट्याची असते, हेही मला तेव्हाच कळलं. डावं पायडल आणि उजवी वाटी, दोन्ही उलट फिरवायची. आधीच्या दुकानात यावरही जोर झाला असणार.

पैसे विचारले तर म्हणालात, बऱ्याच वर्षांपूर्वी एक रॅले तुमच्या डोळ्यांसमोर भंगारात गेली होती, तेवढं तुम्ही वाचवून ठेवलं होतं. "इसी के लिए रखा था समझ." क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, एक्सलला पक्का धरणाऱ्या दोन कॉटर पिनांचे तीस रुपये घेतलेत, बस.

पण मला आभार मानायचेत ते नुसत्या वाट्यांचे नाहीत. वाट्या बसल्यावर मी म्हणाले, चाचा, पुढची सगळी तुम्हीच बसवून द्या, लागतील ते पैसे देते. तुम्ही नाही म्हणालात. "मैं नहीं लगाऊँगा. तेरे दादा की है ना, तू लगा. रोज शाम को आ, पूछ के जा." तेव्हा मला वाईट वाटलं होतं, खरं सांगते. ऑफिस सुटल्यावर सहा वाजता तुमच्या दुकानात यायचं, एक काम शिकायचं, घरी जाऊन अंगणात जुनं लुगडं अंथरून ते करायचं, असं जवळजवळ दोन महिने चाललं. इडलीच्या साच्यात मी छर्रे आणि नट वेगवेगळे ठेवायचे. ते बघून तुम्ही खूश झालात, आणि नंतर स्वतःच्या दुकानातही एक साचा आणलात.

कॉटर पिनची संध्याकाळ मी विसरणार नाही. उजवी क्रँक एक्सलला घट्ट धरून बसली होती, पिन गंजून एकजीव झालेली. मी घरी हातोडीनं टकटक करून बघितलं होतं. तुम्ही म्हणालात, छोट्या छोट्या ठोक्यांनी पिन फुगते, निघत नाही. दोन दिवस डिझेल आणि इंजिन ऑइल पाजलंत तिला. मग नट ढिला करून पिनच्या टोकाशी बरोबर सपाट आणलात, म्हणजे आटे चेपायला नकोत. क्रँकच्या खाली लोखंडी पाइपचा तुकडा उभा धरलात, असा की क्रँक पाइपच्या काठावर टेकली आणि पिनचं डोकं खालच्या पोकळीवर आलं. सगळा मार पाइपनं जमिनीत न्यायचा, एक्सलला लागू द्यायचा नाही. हातोडी माझ्या हातात दिलीत. "एकच. पर दिल से." मी मारली. पिन पाइपात पडल्याचा टणकन आवाज आला आणि समोरच्या पानवाल्यानंही मान वळवली.

नवीन पिन बसवताना तुम्ही तिच्या सपाट बाजूला काजळ लावायला शिकवलंत. आत घालून काढायची, जिथं काजळ पुसलं तिथं कानस मारायची, परत घालायची. दोन पिना एकमेकींच्या उलट. क्रँक आडव्या धरल्या की एकीचा नट वर आणि दुसरीचा खाली आला पाहिजे. असं पाच-सहा वेळा केल्यावर दोन्ही पायडलं एका रेषेत आली. सायकल चालवताना पायाखाली जो कट्‌ कट्‌ धक्का लागतो तो बहुतेकदा इथलाच असतो, आणि लोक बिचारे चेन बदलत बसतात.

बाकीचं पटकन सांगते, तुम्हाला सगळं माहीतच आहे. एक्सलमध्ये दोन सुती, म्हणजे पाव इंची छर्रे, एका बाजूला अकरा. पुढच्या चाकाला बत्तीस तारा, मागच्याला चाळीस. चाकाचा आउट काढताना मी डावी-उजवीकडची हेलकावणी बघत बसले होते, तेव्हा तुम्ही सांगितलंत की सळईच्या ब्रेकला खालीवर होणारं चाक जास्त नडतं. त्याचे ठोकळे रिंगच्या आतल्या अंगाला, तारांच्या बाजूनं वर ओढले जातात, कडेला दाबत नाहीत. हँडलच्या निकलवरचा गंज सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी पाण्यात भिजवून चोळली की निघाला, कुठं ओरखडा नाही. मागच्या मडगार्डच्या आत काळ्या मातीचा थर चढलेला होता, दगडासारखा. पावसाळ्यात आपल्याकडं ती माती चाकात गच्च बसते आणि मग माणूसच सायकल खांद्यावर घेऊन घरी येतो. आबा काडी खोचून ती माती काढायचे, असं दादा सांगतात. शेवटचा थर मी काढला, बांबूच्या काडीनंच.

आता रंगाचं.

मी पेंटरला पाचशे रुपये आगाऊ देऊन आले होते. फ्रेम घासून नवीन काळा रंग, वर सोनेरी रेघा, एकदम शोरूममधून निघाल्यासारखी. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही हातातलं काम ठेवलंत. आवाज चढवला नाहीत, पण मी तुम्हाला एवढं कळकळीनं बोलताना पहिल्यांदा ऐकलं. एक महिना थांब म्हणालात. मऊ फडकं, शिलाई मशीनचं तेल, आणि रोज एक वीत. रॉकेल रंगाला लावू नको, अक्षरं निघून जातील.

मी थांबले. एक वीत करत गेले. तिसऱ्या दिवशी धुराच्या काजळीखालून बारीक सोनेरी रेघ निघाली, पूर्ण नाही, तुटक तुटक. मग सीटखालच्या नळीवर अक्षरं. आणि आठव्या दिवशी दांडीवर, सीटपासून जेमतेम वीतभर पुढं, दोन पट्टे. तिथं रंगच नव्हता, उघडं लोखंड घासून घासून गुळगुळीत झालेलं. मला ते सगळ्यात खराब वाटलं. फोटो काढून तुम्हाला दाखवला, म्हटलं निदान एवढ्यावर तरी टचिंग करू का?

तुम्ही फोटो मोठा करून बघितलात. "ये बच्चे की सीट की जगा है. क्लॅम्प लगता था. कौन बैठता था इस पे?"

त्या संध्याकाळी मी दादांना पहिल्यांदा अंगणात आणलं. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय, त्यामुळे ते बघण्यापेक्षा हातानंच जास्त ओळखतात. मी मागचं चाक फिरवलं. फ्रीव्हीलची टिकटिक ऐकून ते थांबले. म्हणाले, "कुठं गावली गं ही?" मग जवळ आले, हँडलला हात लावला, घंटी चाचपली, आणि हात दांडीवरून मागं येत येत त्या दोन पट्ट्यांवर थांबला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग सांगायला लागले. आबा त्यांना या सीटवर बसवून बाजाराच्या गावी शाळेत सोडायचे. उतारावर आबांची हनुवटी त्यांच्या डोक्याला टेकायची. सकाळच्या थंडीत आबा उपरण्याचं टोक त्यांच्या कानांवरून घ्यायचे. पंचाहत्तरीतला माणूस, चाचा, आणि हे त्यांनी आजवर आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं.

पेंटरकडं गेले असते तर तो पट्टा सँडपेपरखाली दहा मिनिटांत गेला असता. आगाऊ दिलेले पैसे मी परत मागायला गेले नाही, त्याच्याकडून घराचं गेट रंगवून घेतलं.

सायकल आता रोज बाहेर निघते. सकाळी मी तिच्यावरून कृषी विद्यापीठाच्या रस्त्यानं जाऊन येते. दादांनी तिथं नोकरी केली, त्यामुळे कोणती झाडं राहिली आणि कोणती तोडली, हे घरी आल्यावर त्यांना सांगावं लागतं. अठ्ठावीस इंची टायर अजून मिळतात, वेड्या बाभळीचे काटेही भरपूर मिळतात. पंक्चर मी घरीच काढते. शेजारच्या काकूंनी त्यांच्या मालकांची अॅटलस आणून टाकलीय आमच्या अंगणात. तिला घरच्या घरी हात लावायची हिंमत झाली, कारण तुम्ही तेव्हा "तू लगा" म्हणालात. त्या दिवशी ते मला तोडून टाकल्यासारखं वाटलं होतं. चुकलं माझं. तुम्ही बसवून दिली असती तर ती आमच्या घरात एक छान दिसणारी वस्तू झाली असती. आता तिचा प्रत्येक छर्रा माझ्या ओळखीचा आहे.

तुमची कॉटरची हातोडी अजून माझ्याकडेच आहे, ती आणायची राहिलीय. शनिवारी सकाळी येते, दादांना घेऊन. तुम्ही दोघं अजून एकमेकांना भेटला नाहीत. आणि आणखी एक गोष्ट पिशवीत असेल. गेल्या आठवड्यात आत्याच्या घरी, माळ्यावरच्या कोठीत, लोखंडी पट्टीची एक छोटी सीट सापडली. गादी उंदरांनी खाल्लीय, क्लॅम्प शाबूत आहे, दोन्ही नट जाम आहेत. मी त्याला हात लावलेला नाही. डिझेल तेवढं पाजून ठेवलंय.