तक्रार: स्टिकरवर ९ किलो, खाली छापलेलं १४. पुढचे कॉइलओव्हर बदलून द्या

प्रति,
ग्राहक सेवा विभाग आणि तक्रार निवारण अधिकारी

विषय: स्ट्रीट सेट म्हणून विकलेल्या कॉइलओव्हरमध्ये पुढे भलत्याच स्प्रिंगा निघाल्याबद्दल

सर/मॅडम,
स.न.वि.वि.

ऑर्डर नंबर, बिल, फोटो, व्हिडिओ सगळं या ईमेलला जोडलंय, त्यामुळे परत "ऑर्डर डिटेल्स पाठवा" एवढंच उत्तर पाठवू नका ही पहिली विनंती. तुमच्याकडून मी माझ्या निसान ३७०झी साठी कॉइलओव्हरचा, म्हणजे स्प्रिंग आणि डॅम्पर (शॉक ॲब्सॉर्बर) एकत्र असलेल्या सस्पेन्शनचा, पूर्ण सेट घेतला. स्पेक शीटवर पुढची स्प्रिंग ९ किलो प्रति मिलिमीटर (म्हणजे एक मिलिमीटर दाबायला ९ किलो वजन) लिहिलीये, स्प्रिंगवर चिकटवलेल्या स्टिकरवरही ९ च आहे, आणि पावसाच्या पाण्याने त्या स्टिकरचा कोपरा सुटला तेव्हा खाली स्प्रिंगच्या रंगावरच छापलेला दुसरा नंबर दिसला, ६२-१८०-१४. यातलं ६२ म्हणजे आतला व्यास, १८० म्हणजे मोकळी लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, आणि १४ म्हणजे स्प्रिंग रेट, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये. दोन्ही बाजूंना तेच. म्हणजे एखादी स्प्रिंग चुकून दुसऱ्या खोक्यातून आली असं म्हणायलाही जागा नाही, कोणीतरी १४ च्या नंबरावर बरोबर ९ चा स्टिकर लावलाय.

स्टिकर चुकीचा की छपाई चुकीची यावर वाद नको म्हणून आम्ही स्प्रिंग मोजली. चेंबूरला ज्या उस्तादांकडे मी गाडी देतो त्यांच्याकडे हायड्रॉलिक प्रेस आहे, त्याखाली वजनाचा लोडसेल ठेवला, स्प्रिंग उभी केली आणि २५ मिलिमीटर दाबली. ९ ची असती तर २२५ किलोच्या आसपास आकडा यायला हवा होता. आला ३४० च्या वर. परत मोजलं, दुसरी स्प्रिंग लावून मोजलं, आकडा तिथेच. व्हिडिओत पट्टी आणि डिस्प्ले दोन्ही एकाच फ्रेममध्ये दिसतात, कुठेही कट नाहीये, नीट बघा.

आता मी हा सेट का निवडला ते सांगतो, कारण फोनवर तुमच्या माणसाने मला दोनदा ऐकवलं की "साहेब कॉइलओव्हर म्हटलं की कडक असणारच". असं नसतं. कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि डॅम्पर एका युनिटमध्ये आणि उंची ॲडजस्ट करता येते, एवढंच. या गाडीला कंपनीतून आलेलं पुढचं सस्पेन्शनसुद्धा डॅम्परवर बसलेली स्प्रिंगच आहे आणि ते काही कोणाची कंबर मोडत नव्हतं. कडक की मऊ हे स्प्रिंग रेट ठरवतो आणि तिला साजेसं व्हॉल्व्हिंग (डॅम्परच्या आतली तेल अडवणाऱ्या झडपांची रचना) ठरवतं, आणि तोच एक निर्णय स्ट्रीटच्या गाडीसाठी सगळ्यात महत्त्वाचा असतो. रंग, डॅम्परच्या नॉबच्या क्लिकची संख्या, डब्यावरचे फोटो हे सगळं नंतर.

मूळ डॅम्पर गळायला लागले होते, बदलायचेच होते. गाडी जमिनीला टेकवायची मला हौस नाही, उलट पावसाळ्यात दहा-पंधरा मिलिमीटर वर घेता यावी म्हणून ॲडजस्टेबल हवं होतं. या गाडीत मागची स्प्रिंग डॅम्परपासून वेगळी, खालच्या आर्मवर बसते, आणि बाजारात असे सेट मिळतात ज्यात ती तिथून काढून मागेही डॅम्परवरच चढवतात. ते मला मुद्दाम नको होतं, कारण मागच्या डॅम्परचा वरचा माउंट गाडीचं वजन उचलायला बनवलेलाच नाहीये, ते वजन स्प्रिंगच्या जागी जातं. तुमचा सेट मागची स्प्रिंग मूळ जागी ठेवतो, खालचा ब्रॅकेट फिरवून उंची बदलतो म्हणजे प्रीलोडला (स्प्रिंगवर बसवतानाच दिलेल्या दाबाला) हात लागत नाही, आणि स्ट्रीट सेटला रबरचे टॉप माउंट (युनिट वर गाडीला जोडणारे भाग) येतात, असं तुमच्याच शीटवर लिहिलं होतं. या तीन गोष्टींसाठी मी जास्त पैसे मोजले, याहून स्वस्त सेट समोर होते.

तुम्ही ऑर्डरआधी फॉर्म भरून घेता. गाडीचा वापर कुठे, किती जण बसतात, ट्रॅकवर नेणार का. मी सगळं सविस्तर लिहिलं होतं. पार्ल्याहून नरिमन पॉइंट, म्हणजे हायवे, सी लिंक, कोस्टल रोड, आणि घराजवळच्या गल्ल्यांत पेव्हर ब्लॉक. सुट्टीत फ्रीवे आणि अटल सेतूवरून पुण्याकडे. ट्रॅकवर कधीच नाही. आणि गाडीत बाबा बसतात, त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, हेही लिहिलं होतं. त्यावर तुमचं उत्तर आलं की "तुमच्या वापरासाठी पुढे ९ योग्य राहील". सल्ला अगदी बरोबर होता, म्हणूनच मी पैसे भरले. पण पाठवताना १४ का पाठवली?

याने काय होतंय ते ऐका. ९ म्हणजे साधारण ८८ न्यूटन प्रति मिलिमीटर, १४ म्हणजे १३७. दीडपटीहून जास्त. एवढी कडक स्प्रिंग गाडीच्या वजनाखाली कमी दबते, म्हणून तुमच्या फिटिंग गाइडमधल्या मापाने बसवलं तेव्हा पुढून गाडी वरच राहिली, उस्तादांना ब्रॅकेट आणखी आत घ्यावा लागला, आम्हाला वाटलं गाइडचं माप दुसऱ्या मॉडेलचं असेल. आणि कमी दबते म्हणजे चाकाला खाली जायला जागाही कमी उरते, खड्डा आला की चाक त्यात उतरून रस्ता धरायच्या ऐवजी लटकतं आणि मग धाडकन पलीकडच्या कडेवर आपटतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशोबाने स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर लांब, गोलसर हवा. आमच्या गल्लीत तसा एकही नाहीये, हातभर रुंदीचे उंचवटे आणि रबरच्या पट्ट्या आहेत, आणि स्ट्रीट सस्पेन्शन विकणाऱ्या कंपनीला मुंबईचे रस्ते कसे आहेत हे धरूनच चालावं लागतं.

दुसरं डॅम्परचं. स्प्रिंग जितकी कडक तितकी ती दबल्यावर जोरात उसळते आणि ती उसळी आवरायचं काम रिबाउंडचं, म्हणजे डॅम्पर परत उघडतानाच्या अडवणुकीचं. ९ वरून १४ वर गेलं की तेवढाच ताबा ठेवायला डॅम्पिंग साधारण पाव पट वाढवावं लागतं, हिशोब वर्गमुळाचा आहे, तुमच्या इंजिनिअरला विचारा. गाडीच्या वागण्यावरून तरी डॅम्पर ९ च्या स्प्रिंगसाठीच व्हॉल्व्ह केलेत असं दिसतं, कारण तुमच्या सपोर्टने सांगितल्याप्रमाणे नॉब पूर्ण सॉफ्टला ठेवला तर ईस्टर्न फ्रीवेवर एकामागोमाग एक्स्पान्शन जॉइंट (पुलाच्या तुकड्यांमधले सांधे) येतात तिथे एक उसळी संपायच्या आत दुसरी सुरू होते आणि नाक सतत वरखाली होत राहतं. मग हार्डकडे नेलं तर नाक आवरतं, पण तुमच्या या डॅम्परला एकच नॉब आहे आणि तो रिबाउंडबरोबर कम्प्रेशनही (दबतानाची अडवणूक) वाढवतो, म्हणजे पेव्हर ब्लॉकवर प्रत्येक ब्लॉक हाताला आणि मानेला कळतो. ३२ क्लिक आहेत हे मला ठाऊक आहे. त्यातल्या एकाही क्लिकने स्प्रिंग रेट बदलत नाही. "रन-इन होऊ द्या, मऊ पडेल" हे तर कृपा करून कोणालाच सांगू नका, चांगली स्प्रिंग वापराने १४ ची ९ होत नसते.

आणि सगळ्यात काळजीची गोष्ट म्हणजे मागच्या स्प्रिंगा शीटप्रमाणे बरोबर आहेत, त्याही मोजल्या. म्हणजे फक्त पुढचंच टोक कडक झालंय आणि गाडीचा तोल बिघडलाय. मागच्या चाकांनी चालणारी ही गाडी आधी वळणात मस्त बसायची, आता पुढची चाकं आधी पकड सोडतात. कोस्टल रोडवरून हाजी अलीच्या वळणाला भर पावसात, वेगमर्यादेच्या आत, स्टिअरिंग वळवलं आणि गाडी काही क्षण सरळच सरकत राहिली. शेजारच्या लेनमध्ये बाइकवाला होता. त्याला काही झालं नाही. त्या दिवसानंतर मी पावसात गाडी काढणं बंद केलं आणि बाबांना डॉक्टरकडे टॅक्सीने न्यायला लागलो. "राइड कम्फर्टची तक्रार" म्हणून माझं तिकीट तुम्ही बंद केलंत, म्हणून हे इतकं सविस्तर लिहितोय. हा सेफ्टीचा प्रश्न आहे.

टॉप माउंटबद्दल थोडक्यात. शीटवर रबर, आले पिलो बॉल (रबरऐवजी धातूचा गोल सांधा). धातूवर धातू, त्यामुळे पार्किंगमध्ये स्टिअरिंग फिरवलं की कट-कट आवाज येतो, आणि तो बॉल वरून उघडा आहे, समुद्राच्या खाऱ्या हवेत आणि आपल्या पावसात त्याच्यात गंज धरून ढिलेपणा यायला वेळ लागणार नाही. ट्रॅकवाल्यांना तो हवा असतो, बरोबर आहे, मी मागितला नव्हता. १४ च्या स्प्रिंगा आणि पिलो बॉल दोन्ही एकत्र बघितल्यावर माझी तर खात्री झालीये की पुढच्या स्प्रिंगा आणि टॉप माउंट तुमच्या ट्रॅक सेटचे आहेत आणि स्ट्रीटचा स्टॉक नव्हता म्हणून स्टिकर लावून पाठवलेत. तसं नसेल तर कसं झालं ते लेखी सांगा.

तुम्ही म्हणता एकदा बसवलेला माल परत घेत नाही. मनासारखा नाही म्हणून परत करत असतो तर हे मान्य केलं असतं. इथे विकताना सांगितलेला माल आणि दिलेला माल वेगळा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दोषाची जी व्याख्या आहे त्यात विकणाऱ्याने जो दावा केला त्यात कमी पडणं हेही येतं, आणि तुमचा दावा तुमच्याच स्टिकरवर छापलेला आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाली काढायची असते. माझ्या आधीच्या ईमेलला पोचसुद्धा आलेली नाही.

मला काय हवंय ते स्पष्ट लिहितो. पुढचे दोन्ही युनिट बदलून द्या, ९ ची स्प्रिंग, तिला साजेसं व्हॉल्व्हिंग आणि रबरचे टॉप माउंट, आणि त्याच सीरियल नंबरचा डॅम्पर डायनोचा (डॅम्परचा जोर मोजणाऱ्या मशीनचा) ग्राफ सोबत पाठवा, नुसतं "स्ट्रीट स्पेक आहे" यावर आता मी विश्वास ठेवणार नाही. जुने युनिट चेंबूरच्या गॅरेजमधून तुमच्या खर्चाने उचला. पुन्हा काढणं-बसवणं आणि नंतरची व्हील अलाइनमेंट, याचं बिल मी पाठवीन, ते भरा. हे जमत नसेल तर पूर्ण सेटचे पैसे आणि आधीच्या फिटिंगचा खर्च परत करा, मी दुसरीकडून घेईन. अर्धवट काही नको, म्हणजे नुसत्या स्प्रिंगा कुरिअरने पाठवून "बसवून घ्या" असं नको, कारण डॅम्पर कोणत्या स्प्रिंगसाठी व्हॉल्व्ह केलेत हे कागदावर दाखवायची जबाबदारी तुमची आहे.

आणि याच बॅचचे सेट अजून कोणाकोणाला गेलेत ते शोधून त्यांना कळवा. स्टिकर सोलून बघा एवढं सांगितलं तरी पुरे. सगळ्यांकडे प्रेस आणि लोडसेल नसतो, आणि एखादा नवीन पोरगा गाडी अशीच असते समजून पावसात चालवत राहील.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन, तिथे मी राहतो त्या जिल्ह्यातच केस दाखल करता येते. कागद तयार आहेत. फोन करायचा असेल तर संध्याकाळी सातनंतर करा, पण बोलणं झालं तरी उत्तर ईमेलवरच हवं, आणि बोलायला स्प्रिंग रेट कळणारा माणूस द्या.

आपला ग्राहक,
विलेपार्ले पूर्व, मुंबई

सोबत: बिल, स्पेक शीट, ऑर्डरआधी भरलेला फॉर्म आणि तुमचं उत्तर, स्टिकरचे व त्याखालच्या नंबरचे फोटो, प्रेसवर मोजल्याचा व्हिडिओ, अलाइनमेंटचा प्रिंटआउट