ट्रिएस्टेतल्या दोन भट्ट्या

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतला इटलीतल्या ट्रिएस्टे बंदरावरचा लेख वाचला. मुंबईहून लॉइड ट्रिएस्टिनो या जहाज कंपनीच्या बोटीने युरोप गाठणाऱ्या आपल्या लोकांचा त्यात उल्लेख आला, हे बरे झाले. मात्र शहराच्या दक्षिणेच्या सेर्वोला या भागाची ‘जुन्या लोखंड कारखान्याची वस्ती’ एवढ्यावर बोळवण केली आहे. कारखाना 1897 चा; गाव त्याच्या कितीतरी आधीचे, आणि स्लोव्हेन (शेजारच्या स्लोव्हेनियाची भाषा) बोलणाऱ्यांचे. त्यांच्या भाषेत ते श्केदेन्य. ‘स्केदेन्य’ म्हणजे धान्य मळायचे-साठवायचे कोठार. नावातच शेती आहे.

कारखान्याआधी या गावाची ओळख पाव हीच होती. घराघरांत भट्ट्या होत्या, बायका रात्री पीठ मळत आणि पहाटे पावाच्या टोपल्या घेऊन साडेतीन-चार किलोमीटरवरच्या शहरात विकायला जात. स्लोव्हेनमध्ये त्यांना क्रुशारित्से म्हणत (‘क्रुह’ म्हणजे पाव), ट्रिएस्टेच्या बोलीत पांकोगोले. धंद्याचे सगळे गणित वेळेचे. लाकडाच्या भट्टीत जाळ आतच करतात, विटा पुरेशा तापल्या की निखारे व राख ओढून काढतात आणि साठलेल्या उष्णतेवर पाव भाजतात. भट्टी तापायच्या आत पीठ फुगले तर ते बसते. पीठ थंड राहिले तर भट्टी वाट पाहत निवते आणि पावाचा गाभा कच्चा राहतो. किलोभर पिठाचा भाजून साधारण 1.35 किलो पाव होतो, म्हणजे जास्तीचे वजन पाण्याचे. नफा राहायचा तो घरच्या कष्टाचा. शहरात गिरण्या आणि मोठ्या बेकऱ्या झाल्यावर घरगुती भट्टीला टिकाव धरणे अवघड होते.

दुसरी भट्टी लोखंडाची. आजच्या स्लोव्हेनियातल्या येसेनित्से येथील पोलाद कारखान्याची मालक असलेली क्रान्यस्का इंडस्ट्रीय्स्का द्रुझ्बा ही कंपनी डोंगरातल्या खनिजावर आणि लोणारी कोळशावर फार काळ तगणार नव्हती. खनिज आणि दगडी कोळसा बोटीने आणायचा, तर भट्टी समुद्रालाच लागून हवी. म्हणून जागा निवडली ती श्केदेन्यच्या टेकडीखालच्या किनाऱ्याची. इथले बिडाचे ठोकळे आगगाडीने येसेनित्सेला जात, आधी ल्युब्ल्यानाच्या वळशाने आणि 1906 मध्ये बोहिन्यचा बोगदा असलेली नवी रेल्वे सुरू झाल्यावर सरळ. झोतभट्टी एकदा पेटवली की वर्षानुवर्षे विझवता येत नाही; थंडावली तर आतला रस गोठून बसतो. त्यामुळे तिन्ही पाळ्यांत माणसे लागतात, आणि ती भोंग्याच्या टप्प्यात राहावी लागतात. बाहेरून कामगार आले, चाळी उभ्या राहिल्या, किनाऱ्याकडचे शेत कारखान्यात गेले. कोक (दगडी कोळसा भाजून केलेले इंधन) भट्ट्यांची काजळी आणि धूळ पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ टेकडीवरच्या घरांवर बसत राहिली. भट्टी व कोक विभाग एप्रिल 2020 मध्ये बंद झाले.

पण निव्वळ कारखान्याने गाव शहरात विरत नाही. खरे काम कागदावर झाले, आणि आपल्या लेखात तोच भाग सुटला आहे.

ट्रिएस्टे तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होते. 1850 च्या सनदेने शहर आणि भोवतालची गावे एकाच पालिकेखाली आली. पालिकेत 54 जागा. त्यांतल्या 48 शहराच्या आणि सगळ्या गावांना मिळून 6. रस्ता कुठून काढायचा, शाळा कुठल्या भाषेची, हे ठरवणाऱ्या सभेत गावाचा आवाज किती उरतो ते सांगायला नको. पुढची पायरी जनगणनेची. ऑस्ट्रियाच्या जनगणनेत 1880 पासून मातृभाषा विचारत नसत, ‘बोलचालीची भाषा’ विचारत. स्लोव्हेन मातृभाषेची मोलकरीण मालकाशी इटालियन बोलते, मग तिची भाषा इटालियन! त्यात मोजणारे पालिकेचेच कारकून. 1910 मध्ये इतका आरडाओरडा झाला की सरकारला फेरमोजणी करावी लागली, आणि स्लोव्हेनांचा आकडा सुमारे 20,000 ने वाढून 56,916 झाला. एकूण लोकसंख्या 2,29,510. एका रकान्याच्या शब्दयोजनेने एवढी माणसे गायब होऊ शकतात, हे जनगणनेचे अर्ज भरणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

पहिल्या महायुद्धानंतर शहर इटलीकडे गेले. 13 जुलै 1920 रोजी मध्यवस्तीतले स्लोव्हेनांचे सभागृह, नारोद्नी दोम, जाळण्यात आले, ही गोष्ट पुस्तकांत सापडते. त्यानंतरची कारवाई मात्र संथ आणि म्हणून अधिक परिणामकारक होती. 1923 च्या शिक्षण कायद्याने स्लोव्हेन शाळा एका दिवसात बंद केल्या नाहीत. पहिल्या इयत्तेपासून दरवर्षी एकेक वर्ग इटालियन करत नेला. वरच्या वर्गातली मुले बाहेर पडत गेली आणि खालून स्लोव्हेन शिकलेले कोणी येईनासे झाले. 1927 पासून आडनावांची पाळी आली. त्याच्या दोन वाटा होत्या. ज्या आडनावाचे मूळ इटालियन असल्याचे अधिकारी ठरवत, ते सक्तीने ‘मूळ रूपात परत’ जाई. बाकीच्यांनी अर्ज करून बदलून घ्यायचे, कागदोपत्री स्वेच्छेने. नोकरी टिकवायची असलेल्याच्या स्वेच्छेला काय अर्थ होता? वोदोपिवेत्स म्हणजे पाणी पिणारा; त्याचा बेविलाक्वा झाला. अर्थ तोच, पण दप्तरात पुढच्या पिढीचा माग लागत नाही. आपल्याकडच्या अभ्यासकांनी ट्रिएस्टेची जुनी कागदपत्रे चाळताना एकच कुटुंब दोन नावांनी येते हे गृहीत धरूनच बसावे.

स्लोव्हेन शाळा 1945 नंतर पुन्हा उघडल्या, आणि 2001 च्या 38 क्रमांकाच्या कायद्याने इटलीत या भाषकांना संरक्षण मिळाले. श्केदेन्यचे संगीतकार इव्हान ग्रबेत्स यांच्या नावाचे सांस्कृतिक मंडळ गावात आहे. गावचे धर्मगुरू दुशान याकोमिन यांनी 1975 मध्ये एक छोटे वस्तुसंग्रहालय उभे केले. पाव भाजण्याची साधने आणि बायकांचा जुना पोशाख तिथे पाहायला मिळतो. नुसते बंदर पाहून परतणाऱ्याला हे सापडणार नाही. टेकडीवर चढावे लागते.

एक दुरुस्ती आपल्याच हातात आहे. लेखासोबतच्या नकाशात फक्त ‘सेर्वोला’ छापले होते. पुढच्या वेळी त्याखाली ‘श्केदेन्य’ही छापावे, ही विनंती. ते वस्तुसंग्रहालय ज्या रस्त्यावर आहे, त्याचे इटालियन नाव व्हिया देल पाने बियांको, म्हणजे पांढऱ्या पावाचा रस्ता.

आपले,
बंदरे व रेल्वेच्या इतिहासाचे दोन अभ्यासक, मुंबई