सार्वजनिक उद्यानातील एक गुंठा : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : नागरी स्वराज्य संस्थांच्या उद्यानांतील ठरावीक जागा स्थानिक बागप्रेमी मंडळांना लेखी कराराने सांभाळण्यास देण्याबाबत.

सन्माननीय महोदय,

सप्रेम नमस्कार.

पश्चिम महाराष्ट्रातील एका शहरात गेली अकरा वर्षे चालू असलेल्या बागप्रेमी मंडळाची कार्यवाह या नात्याने मी आपणांस हे पत्र लिहीत आहे. आमच्या मंडळात निवृत्त शिक्षक आहेत, गृहिणी आहेत, एक परिचारिका आहे, दोन रिक्षाचालक आहेत आणि वनस्पतिशास्त्र शिकणारी महाविद्यालयीन मुलेही आहेत. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही आमच्या प्रभागातील सार्वजनिक उद्यानात जमतो. आमची मागणी एकच आहे. ज्या उद्यानात असे मंडळ नियमित काम करते, त्या उद्यानातील एक गुंठा जागा त्या मंडळाला लेखी कराराने आणि निश्चित मुदतीसाठी सांभाळायला द्यावी, आणि त्यासाठी राज्यभर लागू होईल असा एक शासन निर्णय आपल्या विभागाने काढावा.

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. एवढ्या जागेसाठी थेट मंत्र्यांना पत्र कशासाठी, असे कोणाला वाटू शकेल. म्हणून त्या जागेत काय घडते ते आधी सांगते.

आमच्याकडे पहिली काही वर्षे कुंड्या, रोपे आणि फांद्यांची देवाणघेवाण एवढेच चालत असे. ज्याच्याकडे जास्वंद जास्त झाली त्याने ती आणायची, ज्याच्याकडे गवती चहाचे ठोंब झाले त्याने ते वाटायचे. नंतर बिया येऊ लागल्या. एका सभासद आजींनी माहेरच्या गावाहून आणलेल्या गावठी वालाच्या शेंगा कागदाच्या पुडीत बांधून आणल्या आणि त्यातूनच आमची बियांची पेटी सुरू झाली. आज त्या पेटीत वाल, घेवडा, पडवळ, दोडका, डांगर, अंबाडी आणि राजगिरा यांच्या पुड्या आहेत. प्रत्येक पुडीवर बी कोणी दिले, कोणत्या महिन्यात धरले आणि वेलीला मांडव लागतो की नाही, हे लिहिलेले असते. बी नेणाऱ्याने हंगामाच्या शेवटी दुप्पट बी परत करायचे, हा एकच नियम आहे, आणि तो बहुतेक जण पाळतात.

थंडीत गुलाबाचे डोळे भरण्याचे काम चालते. त्यातील एक प्रसंग मला आपल्यापुढे जसाच्या तसा ठेवावासा वाटतो. आमच्या मंडळातील सर्वांत ज्येष्ठ सभासद आता पंच्याहत्तरी ओलांडलेले आहेत आणि त्यांचा हात किंचित थरथरतो. गेल्या जानेवारीत त्यांनी आठवीतल्या एका मुलीला समोर बसवले, गावठी गुलाबाच्या खुंटावर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर कशी द्यायची हे तिला दाखवले आणि चाकू तिच्याच हातात दिला. तिने साल अलगद सोडवली, चांगल्या जातीच्या फांदीवरून काढलेला डोळा आत सरकवला आणि प्लास्टिकच्या पट्टीने बांधला. डोळ्याचे टोक तेवढे उघडे ठेवायचे असते, तेही तिला बरोबर जमले. तीन आठवड्यांनी पट्टी सोडली तेव्हा डोळा हिरवा होता. शाळेच्या पुस्तकात कलमाची आकृती असते, पण साल किती दाबली की फाटते, हे हाताला कळावे लागते. असा हात शिकवणारी जागा शहरात दुसरीकडे फारशी उरलेली नाही.

बागेतल्या किडीकडे पाहण्याची दृष्टीसुद्धा अशाच गप्पांतून बदलते. एका सभासद ताईंच्या कुंडीतल्या लिंबाची पाने अळ्यांनी खाल्ली होती आणि त्या फवारणीचे औषध विचारायला आल्या होत्या. पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या त्या अळ्या फुलपाखराच्या आहेत, मोठ्या झाल्या की त्या हिरव्या होतील आणि लिंबाला पुन्हा पाने फुटतील, असे इतरांनी सांगितल्यावर त्यांनी दम धरला. पुढच्या बैठकीत त्यांनी काळ्या पंखांवर निळसर पट्टे असलेल्या फुलपाखराचे छायाचित्र सर्वांना दाखवले. ते ब्लू मॉर्मन होते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ज्याला राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केले, ते त्यांच्या गॅलरीत, वीस रुपयांच्या रोपावर वाढले होते.

सणांच्या दिवसांत आमचे काम वाढते. गणपतीच्या आधी बाजारात पत्रीच्या नावाखाली हाताला लागेल तो पाला विकला जातो आणि त्यासाठी टेकड्यांवरची, रस्त्याकडेची झाडे ओरबाडली जातात. आम्ही उद्यानाच्या एका कोपऱ्यात पत्रीचा वाफा केला. माका, आघाडा, विष्णुक्रांत, डोरली, मरवा, दूर्वा, तुळस असे जे वाफ्यात येऊ शकते ते वाफ्यात लावले, आणि शमी, अर्जुन, बेल यांची रोपे कुंपणालगत धरली. हरितालिकेच्या आधीच्या रविवारी लोक येत, पत्री ओळखायला शिकत आणि प्रत्येकी दोन-दोन पानेच नेत. दसऱ्याच्या आधी आपटा आणि कांचन यांची पाने शेजारी शेजारी मांडत असू. बाजारात आपटा म्हणून बऱ्याचदा कांचनाची पाने दिली जातात. आपट्याचे पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असते, हे एकदा हाताने चाचपून पाहिले की विसरत नाही.

महोदय, हा वाफा आता नाही.

गेल्या मे महिन्यात एका सकाळी आम्ही उद्यानात गेलो तेव्हा वाफ्याच्या जागी सपाट केलेली लाल माती होती आणि बियांसाठी ठेवलेल्या वेलींचा मांडव कुंपणाबाहेर पडला होता. देखभालीच्या ठेकेदाराची माणसे तण काढून गेली होती. आघाडा, माका आणि विष्णुक्रांत ही त्यांच्या दृष्टीने तणेच. कामगारांना मी दोष देत नाही, कारण त्यांना जे काम सांगितले होते तेच त्यांनी केले. आम्ही संबंधित कार्यालयात चौकशी केली तेव्हा असे कळले की, निविदेत संपूर्ण उद्यानाचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये धरलेले आहे, त्या सर्व क्षेत्राचे तण काढल्याशिवाय देयक मंजूर होत नाही आणि आमच्या वाफ्याची कोणत्याही कागदावर नोंद नाही. आम्हांला परवानगी होती, पण ती तोंडी होती आणि ती देणारे अधिकारी बदलून गेले होते. सहा वर्षांचे काम एका सकाळी गेले. नव्या अधिकाऱ्यांनी आमचे म्हणणे सौजन्याने ऐकले, परंतु पुन्हा लेखी परवानगी देण्यासाठी त्यांच्या हाती कोणताच नियम नव्हता.

एवढ्यासाठीच मी आपल्याकडे आले आहे. आमचे भांडण कोणाशी नाही. कामाला कागदाचा आधार नाही, ही खरी अडचण आहे आणि ती राज्याच्या पातळीवरच सुटू शकते.

नागरिकांच्या संस्थेने उद्यान सांभाळावे, ही कल्पना आपल्या राज्यात मुळीच नवी नाही. पुण्यातील सुमारे ३९ एकरांचे एम्प्रेस गार्डन आजही ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था चालवते आणि प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास तेथे भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनाला पुणेकर पिढ्यानुपिढ्या जात आले आहेत. मुंबईत भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झाली, तिच्या उभारणीतही याच संस्थेचा वाटा होता. त्या मानाने आमची मंडळे फार लहान आहेत आणि आम्ही एकराने जागा मागतही नाही. परंतु शासकीय जमीन आणि लोकांचे ज्ञान यांची सांगड येथे दीडशे वर्षांपासून घातली गेली आहे, एवढे मात्र या उदाहरणांवरून दिसते.

कायद्याच्या बाजूनेही अडथळा दिसत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांची तरतूद हा विषय नागरी स्वराज्य संस्थांच्या कामांत धरलेला आहे आणि नागरी वनीकरणही त्याच अनुसूचीत आहे. २ ऑक्टोबर २०२० पासून राज्यात ‘माझी वसुंधरा’ अभियान चालू आहे आणि भूमी, जल, वायू, अग्नी व आकाश या पंचतत्त्वांवर आधारलेल्या त्या अभियानात लोकसहभागावर भर आहे. सहभागाला आम्ही तयार आहोत. त्यासाठी उभे राहायला जागा हवी.

आता पालापाचोळ्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण या एका गुंठ्याचा सर्वांत रोकडा उपयोग तेथेच आहे. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत आमच्या उद्यानात पानगळ इतकी होते की, झाडलोट करणाऱ्या ताई सकाळी ढीग करतात आणि दुपारपर्यंत वाट पुन्हा पानांनी भरते. त्यातला बराचसा पाला गाडीतून कचरा डेपोत जातो आणि काही वेळा कोपऱ्यात पेटवलाही जातो. बागेतला कचरा वेगळा ठेवावा आणि कोणताही कचरा उघड्यावर जाळू नये, हे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत स्पष्ट लिहिलेले होते. तरीही पाला जळतो, कारण तो ठेवायला जागा ठरलेली नसते. उद्यानाशेजारच्या इमारतींत दम्याचे रुग्ण राहतात, त्यांच्या खिडक्या त्या दिवशी बंद असतात.

आम्ही साध्या तारेच्या जाळीचे गोल पिंजरे केले होते. कमरेइतका उंच पिंजरा, त्यात वीतभर जाडीचा पाल्याचा थर, त्यावर शेणकाला, पुन्हा पाला, आणि ओलावा एवढाच की मूठ वळली तर पाणी गळू नये. दर पंधरा दिवसांनी ढीग वरखाली करायचा. पहिल्या आठवड्यात आत हात घातला तर चटका बसेल इतकी ऊब असते. पर्जन्यवृक्षाची बारीक पाने लवकर कुजतात, तर आंबा, फणस आणि वड यांच्या चिवट पानांना वेळ लागतो, म्हणून ती आधी चुरून घ्यावी लागतात. तीन-चार महिन्यांनी जे हाती येते ते काळे, भुसभुशीत आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास असलेले असते. हे खत आम्ही उद्यानातल्याच झाडांच्या आळ्यांत घालत होतो आणि उरलेले लोकांना विनामूल्य देत होतो. आज तोच पाला वाहून नेण्यासाठी पैसे मोजले जातात आणि त्याच उद्यानासाठी खत विकत घेतले जाते. या व्यवस्थेचे समर्थन कोणी कसे करावे, हे मला खरोखर समजत नाही.

म्हणून प्रस्तावित शासन निर्णयात पुढील बाबींचा समावेश व्हावा, अशी आमची विनंती आहे. करार तीन वर्षांचा असावा आणि काम समाधानकारक असल्यास त्याचे नूतनीकरण व्हावे. जागेची मालकी सर्वस्वी नागरी संस्थेची राहावी. तेथे मंडळाने पक्के बांधकाम करू नये, फलक लावून स्वतःची किंवा कोणा पुढाऱ्याची जाहिरात करू नये आणि कोणत्याही कारणाने शुल्क आकारू नये. जागा सर्व नागरिकांना उद्यानाच्या वेळेत खुली असावी, कारण कुंपण घालून स्वतःसाठी बाग करणाऱ्या मंडळाला सार्वजनिक जमीन देणे योग्य नाही, हे मी सभासद म्हणूनही स्पष्टपणे सांगते. वर्षातून एकदा उद्यान अधीक्षकांनी पाहणी करून लेखी शेरा द्यावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, देखभालीच्या निविदेत हे क्षेत्र वजा करून दाखवावे, तसेच गोळा झालेला पाला या जागेत आणून टाकणे हे ठेकेदाराच्या कामाच्या यादीतच लिहावे. हे एक वाक्य निविदेत असते तर आमचा वाफा आज उभा असता.

पाण्याचा प्रश्न उपस्थित होईल, हे आम्ही जाणतो. उन्हाळ्यात पिण्याचे पाणी बागेला घालण्यास आमचाही विरोध आहे. जेथे प्रक्रिया केलेले सांडपाणी उपलब्ध आहे तेथे ते शोभेच्या झाडांना वापरावे, आणि जेथे नाही तेथे आच्छादनावर भर द्यावा. पाल्याचे चार बोटे जाड आच्छादन असले की वाफ्याला रोज पाणी द्यावे लागत नाही, हा आमच्या रोजच्या अनुभवातला भाग आहे.

मंडळाने काम अर्ध्यावर सोडले तर काय, अशी शंकाही रास्त आहे. काही मंडळे दोन वर्षांत थंडावतात, हे आम्ही पाहिले आहे. अशा वेळी करार संपवून ती जागा पुन्हा देखभालीच्या निविदेत घेता येईल. त्यात सार्वजनिक पैशाचे नुकसान होणार नाही, कारण मंडळाला कोणतेही अनुदान दिलेले नसेल. आम्ही अनुदान मागत नाही. खुरपी, टोपल्या, जाळी आणि बी आमचे आम्ही आणू.

कराराचा एक कच्चा मसुदा आम्ही दोन पानांत तयार केला असून तो या पत्राची एक प्रत आपल्या कार्यालयास पाठवताना सोबत जोडला आहे. आपण वेळ दिल्यास मंडळाच्या वतीने आम्ही तिघे जण मंत्रालयात येऊन तो समजावून सांगू शकू. किंवा, आपल्या विभागातील एखाद्या अधिकाऱ्याने एखाद्या दुसऱ्या रविवारी सकाळी सात वाजता आमच्या उद्यानात येऊन बसावे, हे आम्हांला अधिक आवडेल.

एक विनंती वेळेविषयी आहे. भाद्रपदात पत्री हाताशी हवी असेल तर माका, आघाडा आणि विष्णुक्रांत यांचे बी पहिल्या पावसाबरोबर ज्येष्ठात जमिनीत पडावे लागते. वाफा उखडला गेला तेव्हा मांडवाखाली गळून पडलेले थोडे बी आम्ही मातीतून वेचून घेतले होते. ते पुड्यांत बांधून, वर तारीख घालून ठेवले आहे. जुने झाले की बी उगवत नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी निर्णय झाला तर ते पेरता येईल.

आपली विनीत,
कार्यवाह, बागप्रेमी मंडळ
(सर्व सभासदांच्या वतीने)