दुसरी किल्ली कोणाकडे ठेवणार आहेस?

कुडाळ, रविवार

चि. मुक्तास अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू घटस्फोटाचं सगळं एका दमात सांगितलंस आणि मग म्हणालीस, "आई, काहीतरी बोल ना." बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला होता, ते माझ्याकडे बघत होते. मला तेव्हा शब्द सुचले नाहीत, म्हणून लिहिते आहे. निखिलबद्दल मी काही विचारणार नाही. दोघांनी मिळून, समजून ठरवलंय म्हणालीस, तेच मी धरून चालते. फक्त एक सांग. त्या एका खोलीच्या घरात तू एकटी राहायला गेलीस की दाराची दुसरी किल्ली कोणाकडे ठेवणार आहेस?

तुमच्याकडच्या, आयर्लंडच्या कायद्याला घटस्फोटासाठी तीन वर्षांतली दोन वर्षं वेगळं राहिल्याचं दाखवावं लागतं, आणि नवराबायकोचं नातं उरलेलं नसेल तर एकाच छपराखाली राहिलेलंही त्यात धरतात, हे तू सांगितलंस तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे गणपतीत तुम्ही दोघांनी व्हिडिओवर आरती केलीत तेव्हाही दोन खोल्यांत दोन बिऱ्हाडं होती. डब्लिनची भाडी एवढी की वेगळं व्हायलासुद्धा एकत्र राहावं लागतं! एवढे दिवस तू हे एकटीने वागवलंस.

त्या रात्री झोप लागेना. उठून कॉम्प्युटर लावला आणि येट्सची भाषणं काढली. हसू नकोस. कॉलेजात इतकी वर्षं त्याच्या कविता शिकवल्या, पण हा माणूस 1922 ते 1928 आयर्लंडच्या सेनेटमध्ये बसत होता, एवढंच एका ओळीत सांगून पुढे जायचे, कारण परीक्षेत तेवढंच यायचं. तिथल्या संसदेतले जुने वादविवाद सगळे इंटरनेटवर आहेत. घटस्फोटावरची चर्चा 11 जून 1925 ची. सकाळी बाबा चहा घेऊन आले तेव्हा मी अजून वाचतच होते.

झालं होतं असं की इंग्रजांच्या काळात घटस्फोट हवा असेल तर लंडनच्या पार्लमेंटमध्ये त्या एका जोडप्यापुरतं खाजगी विधेयक आणावं लागे. म्हणजे ती श्रीमंतांची सोय. देश स्वतंत्र झाल्यावर तशी विधेयकं डब्लिनला यायला लागली, आणि ती मांडताच येऊ नयेत असा बंदोबस्त सरकारला करायचा होता. येट्स उभा राहिला. नोबेल मिळून दोनही वर्षं झाली नव्हती. यादवीत सेनेटरांची घरं जाळली गेली होती, त्याच्याही घरावर गोळ्या झाडल्या होत्या. मेरियन स्क्वेअरचं 82 नंबरचं घर ते. तू ऑफिसला त्याच चौकातून जातेस ना?

तो म्हणाला, कॅथलिक धर्ममतावर देश चालवलात तर उत्तर आयर्लंडचे प्रॉटेस्टंट लोक तुमच्यात कधी येणार नाहीत, तुम्ही या राष्ट्रात पाचर ठोकताय. मग त्याने शहरातल्या मुख्य रस्त्यावरच्या पुतळ्यांचाच विषय काढला. आयरिश पुढारी ओकॉनेल आणि पार्नेल, इंग्रज नौसेनापती नेल्सन, ज्यांच्याखालून तुम्ही रोज जाता त्यांची लग्नाबाहेरची आयुष्यं कशी होती ते आठवा, म्हणाला. सभापतींनी टोकलं की मेलेल्यांना आता सोडून देऊ या. तर हा म्हणतो, मेलेल्यांना सोडणं मला अजिबात आवडणार नाही. शेवटी आपल्या मूठभर प्रॉटेस्टंट लोकांबद्दल बोलला. आम्ही क्षुल्लक लोक नव्हे, विचारवंत बर्क आमचा, लेखक स्विफ्ट आमचा, आणि आमच्यात दम उरला असेल तर तुमचा विजय थोड्या दिवसांचा ठरेल.

मला विचारशील तर तिथे त्याने घालवलं. समोरच्याला कमी लेखून त्याचं मत वळवता येत नाही. राष्ट्र, पुतळे, थोर पुरुष, सगळं आलं. पण घरात बसलेली बाई कुठे आहे, ती मी शोधत होते. ती एकाच वाक्यात सापडली. तुम्ही विभक्त व्हायला परवानगी देता, पुन्हा लग्नाला देत नाही, म्हणजे भर उमेदीतल्या स्त्रीपुरुषांना उरलेलं आयुष्य मठाच्या नियमाने काढायला सांगता, असं तो म्हणाला. तिथे मी थांबले. ताईआत्या आठवली.

तू तिला फोटोतच पाहिलंस. माजघराशेजारची खोली तिची. नवऱ्याने मुंबईला दुसरा संसार मांडला, आणि ही इथे काळी पोत घालून, वटपौर्णिमा करून राहिली. मी एकदा विचारलं होतं, ही पोत कशाला घालतेस गं? म्हणाली, "माझो घोव जितो आसा मा? मगे?" मुंबई इलाख्यात 1947 ला घटस्फोटाचा कायदा झाला होता. हिंदू कोड बिल अडलं म्हणून डॉ. आंबेडकरांनी 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं, आणि 1955 ला लग्नाचा कायदा आलाच. पण आमच्या घरात तिच्यासमोर कोणी काडीमोडाचं नावसुद्धा काढलं नाही. कायदा दिल्लीपर्यंत आला, आमच्या ओटीपर्यंत आला नाही. शेवटच्या तापात ती आतून कडी लावून पडली होती. अण्णांनी आणि गड्याने दार बिजागऱ्यांतून उचकटून काढलं. त्या लाकडाचा आवाज मला अजून आठवतो. म्हणून किल्लीचं विचारते आहे. तुझं आणि तिचं एक नाही, हे मला कळतं. तरी विचारते.

येट्सचे ते थोडे दिवस किती झाले बघ. 1937 च्या घटनेत घटस्फोटबंदी पक्की झाली. तो 1939 ला गेला. 1986 च्या सार्वमतात जवळजवळ दोनतृतीयांश लोकांनी नकोच म्हटलं. जमीन, वारसा, पहिल्या बायकोच्या पोरांचं काय, ही भीती. कोकणातल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. आणि 1995 ला सोळा लाखांवर मतदान होऊन 9,114 मतांनी घटस्फोट आला. आपल्या कुडाळात याहून जास्त माणसं राहतात गं! तेवढ्या मतांवर आज तुझा अर्ज उभा आहे. कायद्यावर सही केली ती राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन यांनी. त्याही आधी सेनेटरच होत्या. 1971 मध्ये त्यांनी संततिनियमनाच्या साधनांसाठी विधेयक आणलं, तर सभागृहाने ते साधं दाखलही करून घेतलं नव्हतं. तू रोज अशा बायकांच्या गावातून चालतेस.

आता कामाचं. वकिलाशी बोलताना प्रत्येक गोष्ट लेखी घे. जॉइंट खातं आधी बंद कर. पेन्शनमध्ये कोणाचं नाव आहे ते बघ. भावनेच्या भरात "मला काही नको" म्हणू नकोस, तो मोठेपणा नंतर जड जातो. रात्री भात टाकत जा, नुसत्या ब्रेडवर राहू नकोस. आणि शेजारी कोण आहे, ते तरी... हे बघ, मी वर्गात उभी राहिल्यासारखी बोलायला लागले. माफ कर. तू चाळीस माणसांची टीम चालवतेस, तुला हे कळतं. तू दोन वर्षं हे सांभाळून ऑफिसात बढती मिळवलीस, हे बाबा काल तीनदा म्हणाले. मला अभिमान वाटतो, आणि त्याच वेळी पोटात गोळाही येतो. दोन्ही खरं आहे.

तुझी ती केरळची मैत्रीण, नर्स आहे ती, जवळ राहते ना? किल्ली तिच्याकडे ठेवलीस तर चालेल का? विचारून बघ.

लोकांना काय सांगणार, असं तू विचारलंस. जे आहे ते. तू डब्लिनला गेलीस तेव्हा, तिथले पंतप्रधान झालेले लिओ वराडकर मूळचे आपल्याकडचे, म्हणून "वराडकरांच्या राज्यात गेली" असं म्हणत अख्खी आळी मिरवत होती. तेच लोक आता चार दिवस बोलतील. बेबीमावशीला मी कालच सांगितलं. ती म्हणाली, पोरगी जेवते ना नीट? मग आत जाऊन आमसुलांची बरणी घेऊन आली. दळवींचा मुलगा सतरा तारखेला निघतोय, त्याच्याबरोबर पाठवते.

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की आम्ही दोघं येतो. व्हिसासाठी तुझं पत्र आणि नवा पत्ता लागेल, तो लवकर पाठव. खोली लहान आहे म्हणून नको म्हणू नकोस, मी खाली गादी टाकून झोपेन.

तुझी,
आई