शाळेतला १४ फेब्रुवारी आणि मुलांची मर्जी

महोदय,

१४ फेब्रुवारीचा व्हॅलेंटाइन डे जवळ आला की हा दिवस आपला की परका, यावर दरवर्षी वाद रंगतो. त्या दिवशी शाळेत मुलांचे काय होते, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षे शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका आणि आता एक आजी म्हणून त्याविषयी लिहीत आहे.

माझी नात तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरीत आहे. गेल्या वर्षी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला, की मुलांनी लाल कपडे घालावेत आणि आवडत्या मित्रासाठी कार्ड आणावे. काहींना सात-आठ कार्डे मिळाली, तिच्याच ऑटोतून येणाऱ्या एका मुलाला एकही नाही. घर येईपर्यंत तो दप्तराची चेन नुसती उघडत-लावत होता, हे नातीने आपणहून सांगितले. यंदा शाळेने चूक सुधारली ती अशी, की प्रत्येकाने वर्गातल्या प्रत्येकाला कार्ड द्यायचेच. वर्गात ३८ मुले. दुकानातले दहा रुपयांचे कार्ड धरले तरी ३७० रुपये होतात, आणि आमच्याकडे निंदणाला जाणाऱ्या बाईची रोजी याहून कमी आहे. आम्ही जुन्या वह्यांची पाने कापायला बसलो, तेव्हा नात म्हणाली, "आजी, मले त्याले नाही द्यायचं. तो माही वेणी ओढते."

अमेरिकेतल्या अनेक प्राथमिक शाळांत हाच नियम असतो. कार्डे आणायची तर सगळ्यांसाठी, आणि त्यासाठी शिक्षिका मुलांच्या नावांची यादी घरी पाठवतात. कोणी वगळले जाऊ नये, हा हेतू मला मान्य आहे. आपल्याकडेही भुलाबाईची खिरापत त्याच दिवशी भांडलेल्या मुलीच्या हातावर पडतेच, आणि दसऱ्याचे सोने अबोला असलेल्या घरीही जाते. पण आपट्याचे पान देताना 'तू मला फार आवडतोस' असे लिहून द्यावे लागत नाही. सर्वांना सामावून घेणे वेगळे आणि मुलाकडून खोटे वदवून घेणे वेगळे.

या दिवसाला उतारा म्हणून काही शाळा मातृ-पितृ पूजन ठेवतात. मी स्वतः ते एकदा घेतले आहे. प्रत्येक मुलासमोर दोन पाट मांडले होते. कर्जापायी नवरा गमावलेली एक आई एका पाटावर बसली आणि शेजारच्या रिकाम्या पाटावर तिने हळूच मुलाचे दप्तर सरकवले. ते पाहूनही मी कार्यक्रम थांबवला नाही, याची बोच अजून आहे. ज्या यवतमाळ जिल्ह्यात असे पाट गावोगाव रिकामे आहेत, तिथे तरी हे कळायला हवे होते.

मोठ्या मुलींचीही यातून सुटका नाही. २०२० च्या फेब्रुवारीत चांदूर रेल्वे येथील एका महाविद्यालयात विद्यार्थिनींना प्रेमविवाह न करण्याची शपथ देण्यात आली होती. हुंडा मागणाऱ्याशी लग्न न करण्याचे त्यातले कलम मला पटते. तरीही सगळ्यांनी एकदम हात पुढे करून घ्यायच्या शपथेत एखादीने 'नाही' म्हणायचे तर कसे?

मुलांशी संबंधित बाबींत त्यांचे मत विचारात घ्यावे, असे सांगणारा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला. ते विचारायला वेगळ्या शासननिर्णयाची गरज नाही. शाळांना हा दिवस पाळायचाच असेल, तर वर्गाने मिळून एकच मोठा कागद रंगवावा, ज्याला लिहायचे त्याने लिहावे, नको असेल त्याने चित्र काढावे किंवा नुसते बसावे, आणि कोणाला किती मिळाले हे मोजण्याची वेळच येऊ देऊ नये.

नातीने शेवटी ३७ वे कार्डही केले. त्यावर फूल न काढता तिने 'माही वेणी ओढू नको' एवढेच लिहिले. बाईंनी ते त्या मुलाला दिलेच नाही. 'छान संदेश लिहावा' असा लाल शाईचा शेरा मारून घरी परत पाठवले.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ